जिभेची डावी बाजू

आमच्या गावात मी नेमकं काय काम करते, हे मला आजवर कोणालाच नीट समजावून सांगता आलेलं नाही. पोस्टमनला वाटतं, मी डॉक्टरांची टायपिस्ट आहे. वाण्याच्या बायकोला वाटतं, मी विमा कंपनीत आहे. खरं म्हणजे दोघंही थोडेथोडे बरोबर आहेत. तिकडे अमेरिकेत कोणीतरी डॉक्टरकडे जातो, डॉक्टर तपासून चार ओळी लिहितो आणि त्या ओळी माझ्या लॅपटॉपवर येतात. मी त्या वाचायच्या आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड लावायचा. एक इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. याला मेडिकल कोडिंग म्हणतात.

माझ्याकडे कान-नाक-घशाच्या आणि तोंडाच्या नोंदी येतात. त्यात जिभा फार. जिभेच्या नोंदींत माझ्या चुका निघत नाहीत हे टीम लीडरच्या एकदा लक्षात आलं आणि तेव्हापासून त्या माझ्याच वाट्याला येऊ लागल्या. जिभेचे बरेचसे विकार के चौदा या आकड्याखाली येतात. सूज आली तर शून्य, नकाशासारखे पट्टे उठले तर एक, काळी केसाळ झाली तर तीन, चिरा पडल्या तर पाच. कर्करोग यांच्यात बसत नाही. त्याचं अक्षर वेगळं, सी.

या कामाचे दोन नियम पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात. जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही. आणि कोडरने अंदाज बांधायचा नाही. दवाखान्यात येऊन गेलेल्या रुग्णाच्या नोंदीत डॉक्टरने ‘शंका आहे’ असं लिहिलं असेल तर शंकेला कोड लावता येत नाही. लक्षण लिहिलं असेल तर लक्षणालाच लावायचा. सगळं वाचून तुम्हाला शंभर टक्के कळलं असलं तरी गप्प बसायचं. फार झालं तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, तोही असा की त्यात उत्तर सुचवलेलं नसेल.

मी पुण्यात बारा वर्षं हे काम केलं. करोनाच्या वेळी कंपनीने सगळ्यांना लॅपटॉप देऊन घरी पाठवलं, आणि आई इथे एकटी होती म्हणून मी मालवणकडे आले. पुढे ऑफिसचा तो मजलाच कंपनीने सोडून दिला. परत या, असं कोणी म्हणालं नाही. दोन वर्षांनी आई गेली. भाऊ परदेशात असतो. तो कार्याला आला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. मग घरात मी, आईच्या हातची लोणच्याची बरणी आणि पडवीतलं माझं टेबल.

एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही, पण तो दिसेनासा झाला. सकाळी आठला बसायचं, पाचला उठायचं. टीममधल्या लोकांशी बोलणं म्हणजे टाइप करणं. एका शुक्रवारी गॅसवाला आला, मी त्याला ‘इथे ठेवा’ म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. घोगरा, फाटका. नंतर आठवून पाहिलं तर सोमवारपासून तोंडातून निघालेले ते पहिलेच शब्द होते.

शब्द अगदीच निघत नव्हते असं मात्र नाही, कारण गडग्यापलीकडे आबा होते. गडगा म्हणजे दोन आवारांमधली दगडांची बुटकी भिंत. आमचा गडगा कमरेएवढा आहे. आबा माझे कोणी लागत नाहीत. आईच त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर ते कुक होते. बायको वारली होती, मुलगी डोंबिवलीला दिली होती. निवृत्त झाल्यावर ते इथे येऊन राहिले आणि एकट्या माणसाने करावा त्याच्या तिप्पट स्वयंपाक करत राहिले. रविवारी हमखास गडग्यावरून झाकलेलं भांडं यायचं.

“गो बाय, तिकलो केलेलंय बांगड्याचो. गरम आसा तवसर खा.”

मी भांडं घ्यायचे, दुसऱ्या दिवशी धुऊन त्यात चार केळी किंवा नारळाची वाटी ठेवून परत करायचे. रिकामं भांडं द्यायचं नाही ही आईची शिकवण. बोलणं तेवढंच. पण ते दर रविवारी होतं.

त्या वर्षी गणपतीत त्यांची मुलगी आली होती. दीड दिवसाचा गणपती बोळवून ती परत गेली, त्याच संध्याकाळी आबा गडग्याशी येऊन उभे राहिले. हातात काही नव्हतं.

“तू त्या जिभेचा काम करतस मा?”

“लिहिण्याचं करते आबा. तपासण्याचं नाही.”

“ताच ता. माझी जीभ बघ जरा. चेडवाक दाखवूक नाय, ता लगेच रडाक लागता.”

चेडू म्हणजे मुलगी. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या हातात दिला आणि तोंड उघडलं. मी आयुष्यात हजारो जिभांविषयी वाचलं होतं. प्रत्यक्षात अशी दुसऱ्याची जीभ जवळून पाहत होते ती पहिल्यांदाच. ती थरथरत होती, ओली होती, जिवंत होती. डाव्या कडेला, मागच्या दाढांजवळ, पांढरा चट्टा होता, नखाएवढा. मधोमध थोडा लाल.

“दुखतं?”

“दुखत नाय. तिखट लागला की झोंबता.”

“तंबाखू कुठल्या बाजूला ठेवता?”

त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं.

माझ्या डोक्यात शब्द लगेच उभे राहिले. डाव्या कडेला, पांढरा, मध्ये लाल, तंबाखू, वय सत्तरच्या पुढे. अशा नोंदी मी किती वाचल्या होत्या, आणि पुढच्या तपासणीत त्या कुठे जातात तेही वाचलं होतं. मी टॉर्च बंद केला.

“डॉक्टरांना दाखवा आबा.”

“तू आसस मा डॉक्टर.”

“मी डॉक्टर नाही हो.”

“बरा, बरा. दाखवतंय,” ते म्हणाले आणि गेले.

मी पुन्हा विचारलं नाही. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. मी मनाशी म्हणत राहिले, मी डॉक्टर नाही, अंदाज बांधणं माझं काम नाही, उगाच म्हाताऱ्या माणसाला घाबरवायचं कशाला. कामातला नियम मी घरात वापरला. त्यामागे लपायला चांगली जागा होती. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. त्यांना काही मोठं निघालं तर रविवारचं ते भांडं बंद होईल, गडग्यापलीकडे कोणी उरणार नाही, हा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. त्यांच्या जिवाच्या आधी मला माझ्या रविवारचा विचार सुचला.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला आमच्याकडे सकाळी पायाखाली कडू कारीट फोडून पोहे खातात, घरोघरी पाच-सहा तऱ्हांचे. आबांनी मला बोलावलं होतं. पाटावर ताटली मांडली होती, गुळाचे, दह्याचे, बटाट्याचे, फोडणीचे, सगळे पोहे होते. स्वतः मात्र ते ताकात भिजवलेले बिनमिरचीचे पोहे चमच्याने खात होते. उजव्या बाजूने, मान तिरकी करून.

मी फोडणीच्या पोह्यांचा घास घेतला. ते माझ्याकडे बघत थांबले होते.

“मीठ बरोबर आसा मा?”

मी मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस आयुष्यात कोणाला मीठ विचारत नसे. जहाजावर पंचवीस माणसांचं जेवण त्यांनी भर समुद्रात, वादळात, कढईला दोरी बांधून केलेलं होतं. आईने एकदा आमटीत मीठ जास्त झालं म्हटलं तर दोन दिवस त्यांनी तोंड फिरवलं होतं.

“तुम्ही स्वतः चाखलं नाहीत?”

“चाखूक जमत नाय गो. आग पडता.”

“डॉक्टरांकडे गेला होतात?”

त्यांनी चमचा ताटलीत ठेवला.

मी उठले, त्यांच्या चुलीशेजारचा दिवा लावला आणि म्हणाले, “आ करा.” चट्टा आता नखाएवढा राहिला नव्हता. मध्ये खड्डा पडला होता, कडा उंच आणि कडक दिसत होत्या.

“परवा जाऊया,” मी म्हणाले. “मी येते तुमच्याबरोबर.”

“तुझा काम?”

“रजा घेते.”

“बाय, तू कधी रजा घेतलेली माका म्हायत नाय.”

खरंच होतं. आईच्या दिवसांनंतर मी रजा घेतली नव्हती. घेऊन करायचं काय?

हायवेवरच्या एका गावात आठवड्यातून दोन दिवस कान-नाक-घशाचे डॉक्टर येत. वरच्या मजल्यावर दवाखाना, जिन्यापर्यंत माणसं. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो, कसालला गाडी बदलली आणि दुपारी साडेबाराला आमचा नंबर लागला. डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, पण बोलायला सरळ. लाकडी पट्टीने जीभ बाजूला करून त्यांनी पाहिलं. मला त्यांनी बाहेरच थांबायला सांगितलं होतं, पण दार अर्धं उघडं होतं.

“किती महिने झाले?”

आबा ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलू लागले. “तीनेक महिने झाले असतील साहेब.”

“आणि आत्ता आलात?”

मी दाराबाहेर खाली मान घालून उभी होते.

पाच मिनिटांत काम झालं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. घाटावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तुकडा काढून तपासायला लागेल, उशीर करू नका, म्हणाले. आम्ही खाली उतरलो, रिक्षाने कसालला आलो आणि मालवणच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो. आबांनी लिंबू सरबत मागितलं आणि एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला. आंबट लागत होतं.

मी चिठ्ठी उघडली. सवयच ती. समोर डॉक्टरचं अक्षर आलं की मी वाचणारच. व्रण, जिभेची कड, कडा कठीण, तंबाखूची सवय. नीट लिहिलं होतं, अक्षरही बरं होतं. फक्त एक शब्द चुकला होता. डाव्याच्या जागी उजवी लिहिलं होतं.

मी तीनदा वाचलं. कोणाच्याही हातून होण्यासारखी चूक होती. रुग्ण समोर बसलेला असतो, त्याची डावी ती बघणाऱ्याची उजवी. शिवाय आमच्या कोडमध्ये जिभेच्या कडेला डावं-उजवं नसतंच. डोळ्याला आहे, कानाला आहे, गुडघ्याला आहे. जिभेची कड एकच, कुठल्याही बाजूची असो. नुसता कोड लावायचा असता तर माझ्याही नजरेतून तो शब्द सुटला असता.

पण एकदा लिहिलेलं कसं पुढे पुढे उतरत जातं, हे मी रोज बघत होते. पहिल्या डॉक्टरने लिहिलेलं दुसरा उतरवतो, दुसऱ्याचं तिसरा, आणि मग दहाव्या कागदावर ते इतकं पक्कं दिसतं की समोरच्या माणसापेक्षा कागद खरा वाटू लागतो.

“आबा, परत जायला लागेल.”

“कित्याक? काय इसारलंस?”

“चिठ्ठीत बाजू चुकली आहे.”

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, इंग्रजी असल्यामुळे लगेच परत दिली. “कापतल्याक दिसतला गो. जीभ ती केवडी आणि तिची बाजू केवडी.”

मालवणची गाडी त्याच वेळी स्टँडवर येऊन लागली. माणसं चढू लागली. आबाही पिशवी घेऊन उठले. परत जाणं म्हणजे त्या गर्दीत घुसणं, रिसेप्शनवरच्या मुलीशी बोलणं, एवढ्या मोठ्या डॉक्टरला तुमचं चुकलं म्हणून सांगणं. मी कित्येक महिन्यांत अनोळखी माणसाशी दोन वाक्यांच्या वर बोलले नव्हते. कामात प्रश्न पाठवायचा असला की एक बटण दाबते, उत्तर दोन दिवसांनी येतं आणि विचारणारी मी कोण हे कोणालाच माहीत नसतं.

गाडी गेली. आम्ही रिक्षा केली.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “तुमचं झालंय ना?”

“एक विचारायचं आहे डॉक्टरांना.”

“आता नंबर नाही. पुढच्या वेळी या.”

माझा आवाज बसला होता. मी घसा साफ केला, तरी नीट निघाला नाही. “पुढच्या वेळी उशीर होईल,” मी म्हणाले. तिने ऐकलंच नाही. मागून कोणीतरी ‘सरका जरा’ म्हणालं. मग आबाच पुढे झाले आणि जहाजाच्या डेकवरून हाक मारावी तसे ओरडले, “साहेब! दोन मिनिटा व्हयी होती!”

डॉक्टर दारात आले.

आत गेल्यावर मी उभीच राहिले. तुमचं चुकलंय, असं वाक्य मी रिक्षात दहा वेळा जुळवलं होतं. ते तोंडातून निघालंच नाही. निघालं ते सवयीचं, आमच्या कामातलं, उत्तर न सुचवणारं.

“डॉक्टर, जखम नेमकी कुठल्या बाजूला आहे, ते एकदा पाहून सांगाल का?”

“लिहिलंय ना त्यात.”

“हो. पण एकदा पाहून सांगाल का?”

ते चिडले. “बाई, तिकडचे सर्जन काही डोळे मिटून कापत नाहीत.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही काय करता?”

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम सांगितल्यावर समोरच्याला ते लगेच समजलं. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, वाचली, आणि आबांना खुर्चीत बसवलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. पट्टी, दिवा, हातमोजे. जीभ कापडात धरून पुढे ओढली, कडेवरून बोट फिरवलं. मग जबड्याखाली, मानेच्या डाव्या बाजूला बोटं दाबत गेले आणि एका जागी थांबले. पुन्हा तिथेच दाबलं.

“इथे दुखतं?”

“नाय साहेब.” आबांची शुद्ध भाषा आता संपली होती.

डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी फाडली. नवी लिहिली. डावी कड, लांबी-रुंदी, आणि खाली मानेतल्या गाठीची एक ओळ जास्तीची. सही करून त्यांनी ती आबांच्या नाही, माझ्या हातात दिली.

“मघाशी गाठ बघितली नव्हती मी,” ते म्हणाले. “बरं झालं आलात.”

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, “काय म्हणालो तो?”

“डावी लिहिलं.”

“आणि?”

या वेळी मी सांगितलं. “मानेत एक गाठ लागली आहे त्यांना. बारीक आहे. लवकर जायला हवं.”

ते पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. मीही शेजारी बसले. ते म्हणाले, “चेडवाक तू फोन कर. माका जमाचा नाय.”

त्यांच्या मुलीला मी तिथूनच फोन केला. ती रडली, मग शांत झाली, मग कागद-पेन घेऊन आली आणि मी सांगत गेले तसं लिहून घेत गेली. चार दिवसांत ती आली. फोंडाघाट चढून ती दोघं गेली, तेव्हा मी गाडीपर्यंत गेले होते. आबांनी किल्ली माझ्या हातात दिली. “तुळशीक पाणी घाल. आणि मांजराक.”

तपासणीत जे निघायचं तेच निघालं. ऑपरेशन झालं. जिभेचा डावीकडचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. नंतर सहा आठवडे रेडिएशनचा शेकही दिला. त्यांची मुलगी प्रत्येक कागदाचा फोटो मला पाठवायची आणि मी वाचून तिला मराठीत सांगायचे. प्रत्येक कागदावर मी आधी बाजू बघायचे. सगळीकडे डावी होती.

ते शिमग्याच्या सुमाराला परत आले. बारीक झाले होते, मानेवर लांब व्रण होता. मी गडग्याशी गेले. त्यांनी तोंड उघडलं आणि काहीतरी म्हणाले. मला एक अक्षरही कळलं नाही.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मला पुन्हाही समजलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आत निघून गेले.

मुलगी आठवडाभर राहून, रजा संपली म्हणून गेली. बोलण्याचे व्यायाम कागदावर लिहून दिलेले होते. ते करून घेण्याचं माझ्यावर आलं. रोज पाचला लॅपटॉप बंद केला की मी गडगा ओलांडून जायचे. एक तास. ओठांनी म्हणायची अक्षरं त्यांची शाबूत होती, प, ब, म. जीभ टाळ्याला लावायची अक्षरं गेली होती. ‘ट’ म्हणायला गेले की हवाच यायची. ‘र’ तर कुठेच सापडत नव्हता. आम्ही ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापम’ अशा लहान मुलांच्या शब्दांपासून सुरुवात केली. त्यांना त्याचा संताप यायचा. एकदा त्यांनी कागद चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी मी पाठ केलेला म्हणून दाखवला.

मला आधी काही कळत नसे, मग हळूहळू कळू लागलं. ऐकण्यापेक्षा ते बघण्यानं कळायचं. हात, भुवया, कुठल्या डब्याकडे बघत आहेत ते. मी अंदाज बांधायचे. चुकला तर ते मान हलवायचे आणि मी दुसरा बांधायचे. पेजेत काय घालायचं, मुगाची डाळ किती वेळ भिजवायची, सगळं त्यांनी असं मला शिकवलं. चाखायची मी, विचारायचे ते. भुवई वर करून. मी म्हणायचे, “मीठ थोडं कमी आहे.” ते चिमूटभर घालायचे.

त्या तीन-चार महिन्यांत मी जेवढं बोलले तेवढं आधीच्या चार वर्षांत बोलले नव्हते. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून मी बोलत होते. पुण्याचं, आईचं, भावाचं, लग्न का झालं नाही त्याचं, सगळं. ते ऐकत बसायचे. मध्येच काही म्हणायचे आणि मला ते समजायचं. एक दिवस वाण्याची बायको आली होती, तिला त्यांचं काही कळेना, आणि मी सहज सांगितलं, “ते विचारतायत, सुकटी चांगली आली आहे का.” तिने आ वासला. मला त्या दिवशी फार आनंद झाला. इतका की घरी येऊन मी दोनदा चहा केला.

पावसाळा तोंडावर आल्यावर मुलगी त्यांना न्यायला आली. दर महिन्याला तपासणी होती, पावसात घाट बंद पडला तर काय, इथे एकटे कसे राहतील. सगळं बरोबर होतं. मीसुद्धा तिला तेच सांगितलं. आबा जायला तयार नव्हते. दोन दिवस त्यांनी बॅग भरू दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच भरून बसले.

गाडी आली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एक मोठं वाक्य म्हणाले. मुलीने विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “काळजी घे म्हणाले.” त्यांनी ते म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, हयसर कोण आसा तुका, इथे तुझं कोण आहे. ते मला तिला सांगावंसं वाटलं नाही.

आता त्यांना डोंबिवलीला जाऊन दीड वर्ष झालं. तपासण्या चांगल्या येतायत. बाल्कनीत बसतात, नातीला कॅरम शिकवतात. सुरुवातीला फोन यायचे. पण फोनवर हात-भुवया दिसत नाहीत. मला त्यांचं निम्मंही कळेना. व्हिडिओ लावला तर इथलं नेट अडकायचं, त्यांचा चेहरा तोंड उघडलेला तसाच थांबून राहायचा. हळूहळू मुलगीच फोन करू लागली. “बाबा विचारतायत कशा आहात,” असं ती सांगते. मी बरी आहे म्हणते. त्यांचं घर बंद आहे. मांजर माझ्याकडे आलं.

गेल्या थंडीत माझ्या जिभेला काहीतरी होऊ लागलं. टोकाला आग. गरम चहाने भाजावं तशी, पण दिवसभर, आणि काही न खाताही. आरशात पाहिलं तर स्वच्छ, गुलाबी. पंधरा दिवस मी काही केलं नाही. मग स्वतःलाच म्हटलं, परवा जाऊया, आणि रजा टाकून त्याच डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी मला ओळखलं. आबांची चौकशी केली. मग तपासलं, नीट, सावकाश, मानेसकट. रक्त तपासायला सांगितलं. म्हणाले, “दिसायला काही नाही. अशी आग पुष्कळांना होते, तुमच्या वयाच्या बायकांना जास्त. तुम्हाला तर कोडसुद्धा माहीत असेल.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

“झोप?”

“येते.”

“घरी कोण असतं?”

“मांजर.”

ते हसले नाहीत. “दिवसभरात बोलता कोणाशी?”

बाहेर जिन्यावर माणसं खोकत होती, कोणीतरी नंबर विचारत होतं. मी म्हटलं, “आज तुमच्याशी.”

त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं. गोळ्यांची नावं, रक्ताच्या तपासण्या, आणि वरती, तक्रारीच्या लगेच खाली, एक लहान ओळ: एकटी राहते. एकटं राहण्यालाही कोड आहे. झेड साठ पॉइंट दोन. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात तो मला फार थोड्या वेळा लावायला मिळाला, कारण डॉक्टर ते लिहीत नाहीत आणि लिहिलेलं नसलं की आम्हाला लावता येत नाही. किती माणसांच्या नोंदी माझ्या हातून तशाच, त्या ओळीवाचून गेल्या असतील.

“पंधरा दिवसांनी या,” डॉक्टर म्हणाले. “रिपोर्ट घेऊन. आणि रिपोर्ट चांगले आले तरी या.”

मी खाली आले. कसालच्या स्टँडवर मालवणची गाडी लागायला वेळ होता. माझ्या बाकावर एक कोळीणबाई रिकामी पाटी पालथी घालून बसली होती. तिने मला विचारलं, “खंय जातस गो?” मी तिला गावाचं नाव सांगितलं. मग माझ्या हातातली चिठ्ठी बघून तिने विचारलं, दवाखान्यात कित्याक इल्लंस. आणि मी तिला अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.